माता, परिचारिका आणि न पाहिलेल्या नातीची आजी : सावित्रीबाई फुले यांचे स्मरण

धामणकर नाका, भिवंडी : १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांना त्याच रोगाने गाठले होते. मुलींच्या पहिल्या शाळेची शिक्षिका म्हणून त्यांचे नाव आज शाळाशाळांतून घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा शेवट ज्या कामात झाला ते काम शिकवण्याचे नव्हते, आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे होते. ह्या स्मरणलेखात आम्ही सावित्रीबाईंची हीच बाजू वाचकांसमोर ठेवू इच्छितो. त्या आई कशा झाल्या, परिचारिका कशा झाल्या, आणि त्यांच्या मागे त्यांच्या घराचे काय झाले, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. भिवंडीसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात राहणाऱ्या आपणां सर्वांना त्यांतील तिसरा प्रश्न विशेष विचार करावयास लावणारा आहे.

सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील आणि लक्ष्मीबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तत्कालीन रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी, १८४० साली, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. ज्या घरात ही मुलगी सून म्हणून आली, त्या घरात सासू नव्हती. जोतीराव तान्हे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई निवर्तल्या होत्या. त्यांना सांभाळले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई बालविधवा होत्या आणि एका मिशनरी कुटुंबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. पोटचे मूल नसताना आई होता येते, हा धडा सावित्रीबाईंच्या डोळ्यांसमोर असा सासरच्या घरातच होता. पुढे त्यांनी तो आयुष्यभर गिरवला.

सावित्रीबाईंना अक्षरओळख झाली ती पतीकडून. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. अविवाहित राहून मराठी मुलींच्या शिक्षणासाठी परदेशात सारे आयुष्य वेचणाऱ्या मिस फरार यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे ते आवर्जून नोंदवीत आहोत. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेत जाताना अंगावर शेण, चिखल आणि खडे झेलण्याची वेळ त्यांच्यावर आली. शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी त्या दुसरे लुगडे बरोबर नेत असत. लोकांच्या दडपणामुळे सासरे गोविंदराव यांनी १८४९ साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. अठरा वर्षांची ही मुलगी पतीबरोबर निघाली आणि शाळा मात्र तिने सोडली नाही.

त्यांच्या हातची तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील पहिले १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून लिहिलेले आहे. दीर्घ आजारातून उठण्यासाठी त्या तेव्हा माहेरी आल्या होत्या. त्या आजारात भावाने आपली मनापासून सेवा केल्याचे त्यांनी जोतीरावांना कळवले आहे. तोच भाऊ महार-मांगांसाठी चाललेल्या त्यांच्या कामाला मात्र नावे ठेवीत होता. त्याचे म्हणणे आपण कसे खोडून काढले, हेही त्या सविस्तर सांगतात. पुण्यात आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, याची चिंताही त्या पत्रात आहे. आजारी माणसाला माणसाची किती गरज असते हे त्यांनी स्वतः अंथरुणावर पडून अनुभवले होते, आणि त्याच अंथरुणावरून त्यांचे लक्ष दुसऱ्याच्या श्रमाकडे होते.

मातृत्वाची त्यांची खरी कसोटी लागली ती १८६३ च्या सुमारास. पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करून पोट भरीत होती. एका पुरुषाने तिला फसवले, तिला दिवस राहिले आणि मूल जन्मल्यावर लोकलज्जेच्या भयाने तिने त्याचा जीव घेतला. न्यायालयाने तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा दिली. फसवणारा पुरुष मोकळा राहिला. ह्या घटनेने फुले दांपत्य व्यथित झाले. त्यांनी आपल्या राहत्या घरातच अशा विधवांसाठी प्रसूतीची सोय केली. गुपचूप यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी मुभा त्या घरात होती. बालहत्या प्रतिबंधक गृह या नावाने ते प्रसिद्ध आहे. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन गेल्याची नोंद जोतीरावांनी करून ठेवली आहे.

ह्या नोंदीमागचे रोजचे काम कोणते होते, याचा आपण क्षणभर विचार करावा. बाळंतपणाला लागणारे गरम पाणी, सुईणीची धावपळ, रात्रीचे जागरण, बाळंतिणीचे खाणे, तान्ह्याचे रडणे आणि जगाच्या भीतीने थरथरणाऱ्या आईला धीर देणे. हे सारे ज्या घरात चालत होते त्या घराची गृहिणी सावित्रीबाई होत्या. रुग्णालयात शिकून तयार झालेल्या परिचारिका आपल्याकडे त्या काळी जवळपास नव्हत्याच. सावित्रीबाईंनी शुश्रूषेची कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. त्यांची शिकवणी ह्याच घरात, ह्याच बाळंतिणींच्या उशाशी झाली.

त्यांना स्वतःला मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा आग्रह आप्तांनी धरला, पण त्यांनी तो साफ नाकारला. अशाच एका विधवेने त्या घरात एका मुलाला जन्म दिला. तिचेही नाव काशीबाई होते. १८७४ साली फुले दांपत्याने ते मूल दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. त्या काळी दत्तक घेताना जात, गोत्र आणि भाऊबंदकी पाहिली जाई, आणि वारसा घरात राहावा हा त्यामागचा हेतू असे. येथे जन्माबरोबर कलंक घेऊन आलेले परजातीचे मूल सन्मानाने घरचा मुलगा झाले. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंताला रीतसर वारसही केले. भाऊबंदांना ही गोष्ट कधीच रुचली नाही.

यशवंत दोन-तीन वर्षांचा असताना महाराष्ट्रात १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरे मेलेली आणि गावेच्या गावे चालती झालेली, अशी त्या वेळची स्थिती होती. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांबरोबर सावित्रीबाई जुन्नरच्या भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूर येथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात लोकांच्या हालाचे आणि मदतकार्यात आलेल्या अडचणींचे वर्णन आहे. पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांना जेवू घालण्याची सोय त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने केली. एका मुलाची आई झालेली ही स्त्री अशा रीतीने अनेक भुकेल्या लेकरांच्या ताटाकडे पाहू लागली.

यशवंताला त्यांनी वैद्यकीय शिक्षण दिले. त्याचा विवाह ठरवतानाही अडचण आली. विधवेचा मुलगा म्हणून मुलगी देण्यास कोणी सहजासहजी तयार नव्हते. शेवटी हडपसरचे सत्यशोधक कार्यकर्ते ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली कन्या राधा हिचा विवाह यशवंताशी फेब्रुवारी १८८९ मध्ये करून दिला. लग्नापूर्वीच सावित्रीबाईंनी भावी सुनेला घरी राहावयास आणले. तिला घराची आणि घराला तिची ओळख व्हावी, तिने शिकावे, असा त्यांचा हेतू होता. तिला अभ्यासास वेळ मिळावा म्हणून घरकामाचा भार त्या स्वतः उचलीत. सासू म्हणून त्यांची ही वागणूक आजच्याही अनेक घरांना विचार करावयास लावील.

ह्याच काळात घरात मोठे आजारपण आले. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मित्रभावाने उपचार केले. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून सार्वजनिक सत्यधर्म हा आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघात झालेल्या माणसाला उठवणे, बसवणे, भरवणे, त्याची कूस बदलणे, हे किती कष्टाचे काम आहे हे ज्यांनी घरात केले आहे त्यांना सांगावयास नको. दोन वर्षांहून अधिक काळ सावित्रीबाईंनी ते केले. घरची आर्थिक स्थितीही त्या वेळी ओढग्रस्त होती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून वाद उभा राहिला. दत्तक मुलाचा हा अधिकार भाऊबंद मानावयास तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, त्यांनी टिटवे हाती धरले आणि त्या पतीच्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. स्त्रीने असे करणे त्या काळी अश्रुतपूर्व होते. आम्हांला ह्या प्रसंगात पत्नीच्या धैर्याबरोबर आईचा कणखरपणाही दिसतो. आपल्या मुलाला दूर लोटणाऱ्यांच्या हाती त्यांनी पतीचा अंतिम विधी जाऊ दिला नाही.

पतीच्या मागे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. यशवंत लष्करी वैद्यकीय सेवेत रुजू झाला. परंतु घरावर पुन्हा आघात झाला. मार्च १८९५ मध्ये सून राधा मरण पावली. नातवंडांचा आवाज घरात घुमण्याआधीच घर पुन्हा रिकामे झाले. सावित्रीबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. ह्या वयात आता विसावा घ्यावा असे त्यांना वाटले असते तर त्यात काही वावगे नव्हते.

पुढच्याच वर्षी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे विचित्र रोगी आढळू लागले. हा गाठीचा प्लेग आहे हे ओळखून धैर्याने जाहीर करणारे डॉक्टर म्हणजे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस. त्यांच्या निदानानंतर शहर हादरले आणि लाखो लोक मुंबई सोडून बाहेर पडले. रोगही माणसांबरोबर आणि मालाबरोबर सरकत गेला. १८९७ च्या आरंभी पुण्यात त्याने थैमान घातले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. घरे तपासणे, रोगी हलवणे, माणसे वेगळी ठेवणे यांचे मोठे अधिकार त्याने अधिकाऱ्यांना मिळाले. हाच कायदा २०२० च्या कोरोना साथीतही आपल्या राज्यात वापरला गेला, हे वाचकांना आठवत असेल.

प्लेगच्या रोग्याला एकाएकी प्रचंड ताप भरे. जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येई, रोगी बरळू लागे आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत दगावे. रोगाचे जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यरसँ यांनी शोधले होते. पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या कोणालाही रोगाची वाट ठाऊक नव्हती. रोग्याला शिवले की आपणही मेलो, एवढेच लोकांना वाटे. खात्रीने गुण देणारे औषध नव्हते. प्लेगवर चालणारी प्रतिजैविके यावयास अजून जवळपास अर्धशतक जायचे होते. अशा वेळी रोग्याला वाचवण्याचा जो काही उपाय होता तो शुश्रूषेतच होता. पाणी पाजणे, ताप उतरवण्यासाठी अंग पुसणे, पेज भरवणे, घाण काढणे आणि रोग्याला एकटे न सोडणे. नेमकी हीच कामे करावयास माणसे धजत नव्हती. सख्खे नातलगही रोग्याला टाकून पळत होते.

ह्या साथीत सत्यशोधक चळवळीतील आणखी एक मोठा माणूस आधीच गेला होता. ठाण्यात जन्मलेले आणि गिरणी कामगारांसाठी आयुष्यभर झटलेले नारायण मेघाजी लोखंडे यांचा ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगने अंत झाला. रविवारच्या सुट्टीचा लाभ कामगारांना मिळावा म्हणून लढणारे हेच ते लोखंडे. प्लेगग्रस्तांच्या मदतीसाठी धावत असतानाच त्यांना मृत्यूने गाठले. त्यामुळे आपण कशाच्या तोंडी जात आहोत, हे सावित्रीबाईंना पुरते ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

तरीही त्यांनी यशवंताला बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, म्हणजे दिवंगत सुनेच्या माहेरच्या माणसांच्या जागेत, रोग्यांसाठी दवाखाना उघडण्यात आला. गावाबाहेर, मोकळ्या हवेत ही जागा होती. यशवंत उपचार करी. वस्त्यांमधून रोगी शोधून आणणे, त्यांची व्यवस्था लावणे आणि सेवा करणे हे काम सावित्रीबाईंनी स्वतःकडे घेतले. आईने मुलाला सुरक्षित जागेतून संकटात बोलावून घेतले, ही गोष्ट सोपी नाही. ज्या मुलाला तिने मृत्यूच्या आणि कलंकाच्या दारातून उचलून वाढवले होते, त्यालाच तिने दुसऱ्यांच्या मुलांसाठी पणाला लावले. स्वतःला मागे ठेवून मात्र तिने हे केले नाही.

मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीत बाबाजी गायकवाड यांचा लहान मुलगा पांडुरंग प्लेगने आजारी असल्याचे त्यांना समजले. सावित्रीबाई तेथे गेल्या. सहासष्ट वर्षांच्या त्या वृद्धेने त्या मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. ज्या जातीची सावली अंगावर पडू नये म्हणून लोक जपत, त्या जातीचे मूल. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने लोक गाव सोडत, तो रोग. आणि ह्या दोहोंना एकदम पाठीशी घेणारी ती आजीच्या वयाची स्त्री. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चपासून, पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीची घरझडतीची मोहीम सुरू झाली. सैनिक घरात शिरत, संशयितांना बाहेर काढत, सामान जाळत. त्या मोहिमेने लोकांत जो संताप निर्माण झाला त्याची परिणती जूनमध्ये रँड यांच्या हत्येच्या प्रयत्नात आणि पुढे त्यांच्या मृत्यूत झाली. रोग्याला वेगळे ठेवणे आवश्यक होते हे खरे आहे. सावित्रीबाईंनीही रोग्यांना वस्तीतून काढून मळ्यातच आणले होते. फरक होता तो आणण्याच्या रीतीत. एकीकडे बंदुका घेतलेले परके शिपाई होते, दुसरीकडे ओळखीची म्हातारी बाई होती. साथीच्या काळात लोकांचा विश्वास औषधाइतकाच मोलाचा असतो, हे ह्या दोन चित्रांवरून समजते.

आता त्यांच्या घराविषयी. ह्या भागाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आईच्या मागे यशवंताने १९०३ साली चंद्रभागा हिच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव सोनी. सावित्रीबाईंची ही नात आजीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी जन्मली, म्हणून आजीने नातीला आणि नातीने आजीला कधीच पाहिले नाही. १९०५ साली पुण्यात प्लेग पुन्हा फोफावला असता यशवंत रोग्यांच्या उपचारासाठी आला आणि त्यालाही प्लेगने नेले. आई आणि मुलगा यांचा मृत्यू आठ वर्षांच्या अंतराने एकाच कामात आणि एकाच रोगाने झाला.

मागे राहिली तरुण विधवा आणि लहानगी मुलगी. ज्या घराने पस्तीस विधवांना आसरा दिला त्याच घराच्या सुनेला पुढे आसरा उरला नाही. पोटासाठी घरातील चीजवस्तू विकाव्या लागल्या आणि शेवटी राहते घरही अल्प किमतीला गेले. १९३० साली चंद्रभागाबाई निराधार अवस्थेत वारल्या. दुष्काळात परक्यांच्या मुलांना जेवू घालणाऱ्या आजीची नात स्वतः दारिद्र्यात वाढली. त्यांचे ऋण मानणारी माणसे पुण्यात थोडी नव्हती, आणि तरीही हे घडले.

स्मरणाचेही तसेच झाले. सावित्रीबाईंचे पहिले चरित्र शांताबाई बनकर यांनी लिहिले ते १९३९ साली, म्हणजे मृत्यूनंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ साली प्रसिद्ध झाले. १० मार्च १९९८ रोजी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाडा आज राष्ट्रीय स्मारक आहे. हे सारे गौरव उचितच आहेत. पण त्यांतला एकही गौरव चंद्रभागाबाईंच्या उपयोगी पडला नाही, हे आपण विसरू नये.

आम्ही हा लेख भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून लिहीत आहोत, त्याला कारण आहे. कल्याण रस्त्यावरील हा नाका म्हणजे यंत्रमागांच्या ह्या शहराचे एक गजबजलेले ठिकाण. दूरदूरच्या प्रांतांतून आलेले मागकामगार येथे दाटीवाटीने राहतात. घरची माणसे गावी, आणि येथे आजार आला तर उशाशी कोण बसणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे नेहमीचाच आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, कोरोनाची साथ ऐन भरात असताना, ह्याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या घरात माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत अनेक बालके होती. बचाव पथके येण्यापूर्वीच आजूबाजूच्या रहिवाशांनी अंधारात ढिगारा उपसून अनेकांना बाहेर काढले. माणसाने माणसाला शिवू नये अशी सूचना जागोजागी लागलेली असताना त्या रात्री शेजाऱ्यांनी एकमेकांचे हात धरले. जात किंवा धर्म विचारावयास तेव्हा कोणी थांबले नाही. मुंढव्याहून हडपसरपर्यंत एक मूल पाठीवर वाहून नेणाऱ्या सावित्रीबाईंना हे हात परके वाटले नसते.

त्याच साथीत आपल्या राज्यातील कित्येक परिचारिका, आशा सेविका, डॉक्टर आणि सफाई कामगार रोग्यांची सेवा करताना आजारी पडले, काही दगावले. त्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवल्या, दिवे लावले. आता काही वर्षे लोटली आहेत. त्यांच्या घरी कोण आहे, त्यांची मुले शाळेत जातात काय, घरातील म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याची सोय कोण पाहते, याची विचारपूस करण्याची वेळ खरे तर आताची आहे. सेवा करणाऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच मदत येते. चौथ्या-पाचव्या वर्षी ती आटते आणि मुले वाढावयाची तर तेव्हाच असतात. यशवंताच्या घरी असेच घडले.

रात्रपाळी संपवून सकाळी धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट पाहणारी परिचारिकाही कोणाची तरी आई असते, कोणाची आजी असते. दिवसभर परक्यांची लेकरे सांभाळून ती आपल्या लेकरांकडे परतते. तिला उभे राहावयास जागा द्यावी, तिच्या मुलाला परीक्षेच्या दिवसांत शेजाऱ्यांनी दोन घास जेवू घालावे, ती आजारी पडली तर तिच्याही उशाशी कोणी बसावे, एवढे तरी आपल्या हातून व्हावे. आपल्या वस्तीत, आपल्या गल्लीत सेवा करता करता गेलेल्या माणसाचे कुटुंब असेल तर येत्या आठवड्यात त्यांच्या दारी जाऊन चौकशी करावी, अशी आम्ही वाचकांना नम्र विनंती करतो. सावित्रीबाईंच्या स्मृतीला ह्याहून अनुरूप आदरांजली आम्हांला सुचत नाही. सोनीच्या वाट्याला जे आले ते दुसऱ्या कोणत्याही नातीच्या वाट्याला येऊ नये.